वन्संचा चिमटा

लग्न ठरलं तेव्हाच एका हितचिंतक बाईंनी मला कानात सांगून ठेवलं होतं की तुझी नणंद विद्यापीठात बाटल्या धुते. मी तेव्हा नाटकात कामं करत होते, त्यामुळे माझ्याबद्दल नणंदेच्या कानात काय काय ओतलं गेलं असेल, त्याचा विचार न केलेलाच बरा. नव्या घरात पाऊल टाकलं त्या दिवशी वन्सं माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, बाह्या कोपरापर्यंत वर चढवलेल्या. मला नखशिखान्त न्याहाळून म्हणाल्या, "तू तोंडाला रंग लावतेस, मी भांड्यांचे रंग धुते. जमेल आपलं."

आणि जमलं की. एकेचाळीस वर्षं एका छपराखाली जमलं. त्यांना जाऊन आता सहा वर्षं होतील. अजूनही कुणी पेल्यातलं पाणी उगाच ओतून दिलं, तर मी आपोआप मागे वळून बघते, वन्संनी पाहिलं तर नाही ना म्हणून.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. बारावी झाली, घरात कमावतं कुणी उरलं नाही, आणि त्या विद्यापीठाच्या रसायन विभागात मदतनीस म्हणून लागल्या. काम खरोखरच बाटल्या धुण्याचं होतं. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, खिडकीच्या एका तावदानाच्या जागी पुठ्ठा, भिंतीलगत तीन मोऱ्या आणि कोपऱ्यात दिवसभर खोकल्यासारखा धडधडणारा पंप. भांड्यांच्या बुडाला निळे, हिरवे, विटकरी थर बसलेले असत. हे सगळे धातूंचे रंग, हे मला नंतर कळलं. वन्सं ते धुता धुता बघत असत की कोणता थर कशानं निघतो आणि कोणता कशानंच निघत नाही. दोन वर्षांत त्यांना विद्यार्थ्यांपेक्षा जास्त कळायला लागलं होतं, पण तसं म्हणायची पद्धत नव्हती.

मग काही वर्षांनी सर आले. तेव्हा तेही तरुणच होते, डोक्यावर भरपूर केस होते. त्यांना जड हायड्रोजनची खूण केलेले रेणू बनवायचे होते, आणि त्यासाठी लागणारं जड पाणी म्हणजे सोन्याच्या मोलाची वस्तू. सरांनी आठवडाभर सगळ्यांचे हात पाहिले आणि बाटली वन्संच्या हातात दिली. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, या बाईंच्या हातून काही सांडत नाही. वन्संना आयुष्यात मिळालेली ही पहिली पदवी.

हे सगळं म्हणजे नेमकं काय, ते मला वन्संनी शेंगा सोलता सोलता समजावलं होतं. मध्ये धातूचा एक अणू बसलेला असतो आणि त्याच्याभोवती छोटे रेणू त्याला धरून उभे असतात. या धरून उभ्या राहणाऱ्यांना लिगंड म्हणायचं. आता या मंडळींमध्ये आतल्या आत हायड्रोजनची देवाणघेवाण चालते. धातूला चिकटलेला एखादा हायड्रोजन सापडतो, पण तो आला कुठून? लिगंडच्या अंगावरचा आला, की आजूबाजूच्या पाण्यातून आला? सगळे हायड्रोजन दिसायला सारखेच.

"मग एक युक्ती करायची," वन्सं म्हणाल्या. "हायड्रोजनचा एक जाडा भाऊ आहे, ड्यूटेरियम. तोंडवळा तोच, वागणं जवळपास तेच, वजन मात्र दुप्पट. तो ज्यात असतो ते जड पाणी, जड अल्कोहोल. लिगंडवर ठरलेल्या जागी त्याला बसवून द्यायचा, आणि नंतर बघायचं तो कुठे जाऊन पोचला."

मी लगेच म्हटलं, आमच्याकडे गर्दीच्या प्रवेशात दिग्दर्शक एकाच्याच कमरेला लाल पट्टा बांधायला लावत, मागच्या रांगेत बसून तो कसा कसा सरकतो ते दिसावं म्हणून. वन्सं हसल्या. "तुझ्या डोक्यात सगळं रंगमंचावरूनच शिरतं का गं, नटवे?"

नटवी हे माझं घरातलं नाव त्यांनीच पाडलेलं. मी त्यांच्याशी बोलताना अहो-जाहो कधी सोडलं नाही आणि त्यांनी मला टोमणा मारायचं कधी सोडलं नाही.

गंमत पुढेच आहे. खूण नीट बसली की नाही, हे तपासायचं त्यांच्याकडे एक यंत्र होतं. त्याला साध्या हायड्रोजनचा आवाज तेवढा ऐकू येतो आणि तो आवाज कागदावर टोकासारखा उमटतो. जाडा भाऊ या यंत्रापुढे मुका. म्हणजे काम फत्ते झालं, की त्या ठरलेल्या जागी कागदावर काहीच उमटत नाही, सरळ रेघ जाते. महिनाभर राबायचं आणि शेवटी काही दिसलं नाही म्हणून खुशीत घरी यायचं, असा तो धंदा. आमचे हे विचारायचे, "ताई, आज काय दिसलं?" वन्सं म्हणायच्या, "काही नाही." मग हे म्हणायचे, "वा, मग काहीतरी गोड आणतो." अशा कितीतरी संध्याकाळी आमच्याकडे काही न दिसल्याचा आनंद साजरा झाला आहे.

असं करता करता तीस वर्षं गेली. सरांचे केस गेले. वन्संच्या हातचे जड लिगंड कुठल्या कुठल्या शहरांत पोचले. विभागात सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि निवृत्तीला चार-पाच महिने उरले असताना त्यांच्याकडे शेवटचं काम घेऊन एक मुलगी आली.

ही मुलगी पीएचडीची. उंच, सडसडीत, बुटाचे बंद कायम सुटलेले, पेनचं टोपण दातात. जिने एकेक पायरी गाळून चढायची. वन्संनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'घाई' ठेवलं. घाईचा लिगंड दोन हातांचा होता. दोन्ही बाजूंनी धातूला धरणारा, म्हणून त्याला चिमटा म्हणत. तिचं म्हणणं असं, की धातूवर जो हायड्रोजन दिसतो तो या चिमट्याच्या कोपरावरून उडी मारून जातो. तिच्या शाखेतल्या मोठ्या लोकांना ते पटत नव्हतं. प्रत्येक कोपरावर दोन, असे चार हायड्रोजन. ते चारही जड करून द्यायचे, मग चिमटा धातूला बसवून दूरच्या एका शहरातल्या मोठ्या यंत्रावर बघायचं. त्या यंत्राला जाड्या भावाचा आवाज ऐकू येत असे. सात महिने थांबून घाईला तिथली एक तारीख मिळाली होती, आणि त्यानंतर आठवड्यानं तिची प्रबंध देण्याची मुदत संपत होती.

वन्संनी तो चिमटा मुळापासून बनवला. चार महिने लागले. शेवटची पायरी खूण करण्याची. चिमटा जड पाण्यात टाकायचा, थोडी अल्कली घालायची आणि बंद नळीत तापवायचा. अल्कलीमुळे कोपरावरचे साधे हायड्रोजन सुटतात आणि त्यांच्या जागी पाण्यातले जड येऊन बसतात. पण अल्कली आहे तोवर ही ये-जा दोन्हीकडून चालू राहते. म्हणून भांड्यातला ऐवज बाहेर काढताना तो कोमट जड अल्कोहोलातच विरघळवायचा. चुकून साधं अल्कोहोल पडलं, तर जड हायड्रोजन तसेच निघून जातात. वरून काहीही कळत नाही. रंग तोच, स्फटिक तेच.

तो ऐवज वन्संनी नेहमीसारखा काढला, धुतला, वाळवला. तारखेला बारा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी घाईनं यंत्रावर तपासलं, आणि सरळ रेघ जायला हवी होती तिथे चांगलं उंच टोक उभं राहिलं. एक तृतीयांश खूण पुसली गेली होती.

त्या दिवशी वन्सं घरी आल्या त्या चपला न काढताच खुर्चीत बसल्या. मी चहा ठेवला, तो निवून गेला. मग म्हणाल्या, "हात गेला माझा."

मग थोडं थोडं करून कळलं. घाई कागद घेऊन धावत आली होती, रडत होती, आणि रडता रडता बोलून गेली होती. तेवढं वाक्य वन्संनी तिच्याच सुरात मला ऐकवलं. "मावशी, तुम्हाला आता नीट दिसत नसेल तर आधी सांगायचं होतंत."

आमचे हे भडकले. तीस वर्षांत एकदा चुकलं तर एवढं बोलायचं का, वगैरे. वन्संनी त्यांना हातानंच गप्प केलं. त्यांना मुलीचा राग आलेला नव्हता. त्यांना तिचं खरं वाटत होतं, हे जास्त वाईट होतं. त्या स्वतःचे हात पालथे करून, उताणे करून बघत होत्या. माझ्या ओळखीच्या एका गायक नटाचा आवाज एका ऋतूत गेला होता. तो असाच आरशासमोर बसून तोंड उघडून घशात बघायचा.

मी पुढे सरकून बसले आणि त्यांना म्हटलं, कालचा तो प्रवेश मला सगळा करून दाखवा. कुठे उभ्या होतात, भांडं कुठे होतं, बाटली कोणत्या हातानं उचललीत. त्या आधी कंटाळल्या, मग उठल्या. जेवणाचं टेबल म्हणजे त्यांचं प्रयोगशाळेतलं टेबल झालं. समोर नजर भांड्यावर, आणि डावा हात न बघता बाजूला गेला.

"डावीकडे काय असतं?" मी विचारलं.

"जड अल्कोहोल. उजवीकडे साधं. जड्याच्या मानेला लाल धागा असतो, पण तो बघावा लागत नाही. वीस वर्षं ते डावीकडेच आहे."

मला एकदम माझी फजिती आठवली. एका नाटकात बोलता बोलता, प्रेक्षकांकडे बघत, मी डाव्या हातानं फोन उचलायचे. दीडशे प्रयोग उचलला. एका गावी नव्या माणसानं मंच आवरला, आणि मी फुलदाणी कानाला लावून संपूर्ण संभाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते सोडा. पण हाताची चूक नव्हती. हात बरोबर त्याच जागी गेला होता.

"वन्सं," मी म्हटलं, "तुमच्या टेबलाला कुणी हात लावला होता का?"

त्यांचा डावा हात तसाच हवेत राहिला. मग हळूच खाली आला.

"सरांनी," त्या म्हणाल्या.

निरोपसमारंभासाठी वन्संचा त्यांच्या टेबलापाशी उभं राहून फोटो काढायचा होता. शनिवारी वन्सं घरी गेल्यावर सर स्वतः आले, बाह्या सारल्या, टेबल पुसलं, बाटल्या लखलखीत केल्या, मळके जुने धागेदोरे कापून टाकले आणि सगळं उंचीप्रमाणे ओळीत मांडलं. सोमवारी वन्संना ते टेबल बघून गहिवरून आलं होतं. दोन्ही अल्कोहोलच्या बाटल्या एकाच उंचीच्या. लाल धागा नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण धाग्याकडे त्या कधी बघतच नव्हत्या.

आमच्या ह्यांचं म्हणणं, उद्याच्या उद्या सरांना सांग, त्या पोरीलाही सांग, उगाच स्वतःवर बोल का घेतेस. वन्संचा चेहरा मात्र आता सैल पडला होता. हात गेला नव्हता, एवढं त्यांना पुरेसं होतं. सांगण्याबद्दल त्यांचं मत वेगळं होतं.

"तीस वर्षं मी दिसत नाहीत अशा कणांवर खुणा केल्या," त्या म्हणाल्या, "आणि समोरच्या बाटलीवर साधं नाव लिहिलं नाही. धागा कशाचा, ते माझं मलाच ठाऊक. यात सरांची काय चूक रे, धाकट्या? त्यांनी प्रेमानं पुसलं."

"म्हणजे तू गप्प बसणार?"

"मी चिमटा परत जड करणार. आधी जेवायला वाढा."

जी खूण पुसली जाते ती त्याच रस्त्यानं परत बसवताही येते, हे यातलं सुख. अडचण होती जड पाण्याची. विकतच्या बाटलीत तळाशी चार बोटं उरलं होतं आणि नवीन मागवलं तर तीन महिने. एका फेरीलाही ते जेमतेम पुरलं असतं. निदान तीन फेऱ्या हव्या होत्या.

इथे वन्संचा स्वभाव कामाला आला. त्यांनी वापरलेलं जड पाणी आयुष्यात कधी मोरीत ओतलं नव्हतं. दर कामानंतर उरलेलं पाणी उकळून, वाफ थंड करून, बाटलीत भरून खालच्या कपाटात ठेवायचं. त्याला त्या उष्टं पाणी म्हणत. साध्या हायड्रोजनची भेसळ झालेली, म्हणून कुणी विचारायचं नाही. कपाटात अशा एकोणीस बाटल्या निघाल्या. कुणात किती भेसळ, ते अर्थातच कशावरच लिहिलेलं नव्हतं.

वन्संनी घाईला बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, तू इथे बस आणि काही करू नकोस, फक्त मी सांगते तो आकडा लिही. मग एक चिमुकली काचेची बाटली घेतली. ती प्रत्येक उष्ट्या पाण्यानं खुणेपर्यंत भरायची, तराजूवर ठेवायची, रिकामी करून वाळवायची आणि पुन्हा पुढचं पाणी. जड पाणी साध्यापेक्षा दहाव्या हिश्श्यानं जास्त वजनदार असतं. जितकी बाटली जास्त वजनाची, तितकी भेसळ कमी. एकोणीस वजनं झाली. घाई लिहीत होती आणि वन्सं प्रत्येक बाटलीला कागद डकवून त्यावर आकडा आणि तारीख घालत होत्या. घाईनं विचारलं, मावशी, हे आजच का? वन्सं म्हणाल्या, उशिरा सुचलं.

पहिली फेरी सगळ्यात हलक्या चालण्याजोग्या पाण्याची, दुसरी त्याहून जड पाण्याची, आणि तिसरीला ते विकतचं चार बोटं शुद्ध पाणी. म्हणजे पुष्कळसं काम उष्ट्यानं करून घ्यायचं आणि चांगलं पाणी फक्त शेवटचा हात फिरवायला ठेवायचं. दर फेरी दोन दिवसांची. नळी तेलात तापत राहायची आणि वन्सं शेजारी स्वेटर विणत बसायच्या. घाईला स्वस्थ बसवेना. ती चार वेळा विचारायची, झालं असेल का. वन्संनी तिला विणायच्या सुया दिल्या. त्या मुलीनं त्या सहा दिवसांत एक वेडंवाकडं चौकोनी काहीतरी विणलं, ते पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे गरम भांडी उचलायला होतं.

नवव्या दिवशी ऐवज बाहेर काढला. वन्संनी बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि मगच उचलली. संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. वन्सं म्हणाल्या, "उद्या कळेल." दुसऱ्या दिवशी दारातच चपला काढता काढता म्हणाल्या, "काही नाही दिसलं." आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ह्यांना गोड आणायचंही सुचलं नाही.

घाई चिमटा घेऊन त्या शहरात गेली. तिकडून चार दिवस काही निरोप नाही. वन्संचा शेवटचा दिवस उजाडला.

समारंभाला मी गेले होते. आयुष्यभर टाळ्या घेतलेली बाई मी, त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसून वन्संसाठी माझे तळवे गरम झाले. सर सुंदर बोलले. म्हणाले, या टेबलाचं ऋण म्हणून मी मध्ये एका शनिवारी माझ्या हातांनी ते स्वच्छ केलं, एकेक बाटली पुसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या ह्यांनी माझा हात दाबून धरला, मी काही बोलेन या भीतीनं. मी बोलणार होतेच.

तेवढ्यात मागच्या दारानं घाई आत आली. खांद्याला प्रवासाची पिशवी, अंगावर चुरगळलेला शर्ट. ती भिंतीला लागून उभी राहिली.

वन्संना बोलायला सांगितलं. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि समोर न बघता म्हणाल्या, "मला भाषण येत नाही, ते माझ्या भावजयीचं काम. एकच सांगते. माझ्या टेबलावरच्या प्रत्येक बाटलीवर आता नाव लिहिलेलं आहे. यापुढे कुणी कितीही प्रेमानं आवरलं, जागा बदलल्या, तरी कुणाचं काही बिघडणार नाही."

लोकांना ते आवडलं, हसले, टाळ्या वाजल्या. सरही वाजवत होते. वाजवता वाजवता त्यांचे हात थांबले. त्यांनी वळून टेबलाकडे पाहिलं, मग वन्संकडे. तो माणूस जन्मभर खुणांवरून माग काढत आलेला. याला किती वेळ लागणार?

घाईलाही कळलं. मी तिच्याकडेच बघत होते. तिचं तोंड अर्धवट उघडलं आणि मग सबंध चेहरा लाल झाला.

मंडळी पांगायला लागल्यावर ती वन्संपाशी आली. सर तिच्या आधी येऊन उभे होते, चष्मा पुसत. घाई म्हणाली, "मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला..."

"कागद आणलास का?" वन्संनी विचारलं.

तिनं पिशवीतून गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. सरांनी न सांगता एक टोक धरलं, घाईनं दुसरं. वन्संनी चष्मा वर सरकवला आणि बोट रेघेवरून हळूहळू नेलं. डावीकडे कोपरावर उरलेल्यांचं टोक होतं, पुढे बराच वेळ काहीच नव्हतं. मग धातूच्या जागेवर एक एकटं, नेमकं टोक उभं होतं.

"हा जाडा?" वन्संनी विचारलं.

"जाडाच."

"म्हणजे कोपरावरूनच गेला."

"कोपरावरूनच, मावशी," घाई म्हणाली, आणि वन्संनी बोट त्या टोकावर तसंच ठेवून दिलं.